वाक्यातला कर्ता

दिवाळी अंकातील टीकालेखासाठी एखादी कादंबरी घ्यावी, निदान एखादा कवितासंग्रह तरी घ्यावा, असा शिरस्ता आहे. मी ज्या ग्रंथाविषयी लिहिणार आहे तो यांपैकी काहीच नाही. ब्रिटनमधील दूषित रक्ताच्या प्रकरणाचा तो चौकशी अहवाल आहे. सर ब्रायन लँगस्टाफ या निवृत्त न्यायाधीशांनी तो २० मे २०२४ रोजी प्रसिद्ध केला. सात खंड, अडीच हजारांहून अधिक पाने. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. वैद्यक मला कळत नाही आणि कायदा त्याहून कळत नाही. कोश शेजारी ठेवून रोज रात्री चार-पाच पाने याप्रमाणे पहिले दोन खंड मी पुरे वाचले, बाकीचे जमतील तसे. परंतु वीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवल्यामुळे कोणतेही वाक्य दिसले की त्यात कर्ता कोण हे पाहण्याची खोड मला जडली आहे. त्या एका खोडीच्या भांडवलावर हा लेख लिहीत आहे.

प्रथम हकिकत थोडक्यात सांगतो. हिमोफिलिया या विकारात रक्त गोठत नाही. लहानसा मार लागला तरी सांध्यात रक्त साचते आणि मूल रात्रभर कळवळते. १९७० नंतर यावर एक औषध आले: रक्तातील गोठवणारा घटक वेगळा काढून केलेली भुकटी, ‘फॅक्टर आठ’. पाण्यात मिसळून ती घरीच टोचता येई. आजवर अंथरुणाला खिळलेली मुले शाळेत जाऊ लागली. परंतु ही भुकटी हजारो माणसांचे रक्तद्रव्य एकत्र करून बनवलेली असे. पुष्कळसा माल अमेरिकेतून येई; तेथे पैशासाठी रक्तद्रव्य विकणारे होते आणि त्यांत तुरुंगातले कैदीही होते. हजारांत एक माणूस रोगी असला तरी सारा घाणा नासावा, असा हा प्रकार. या मार्गाने सुमारे १,२५० रुग्णांना एच.आय.व्ही.ची लागण झाली. त्यांत सुमारे ३८० मुले होती. त्याहून कितीतरी अधिकांना, बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत रक्त दिलेल्यांनाही, काविळीचा ‘सी’ विषाणू मिळाला. बाधितांची एकूण संख्या ३०,०००च्या वर आणि मृतांची सुमारे ३,०००. रक्तातून कावीळ पसरते हे १९४०च्या दशकापासून ठाऊक होते. हा अपघात नव्हता, पुष्कळसे टाळता आले असते आणि मागाहून सत्य दडवण्यात आले, असा न्यायाधीशांचा निष्कर्ष आहे.

मास्तर म्हणून ज्या पानांपाशी मी अडखळलो ती ट्रेलोर या निवासी शाळेची. हॅम्पशायर परगण्यातल्या या शाळेच्या आवारातच हिमोफिलियाचे उपचार केंद्र होते. १९७० ते १९८७ या काळात हा विकार असलेली १२२ मुले तेथे शिकली. अहवाल निघाला तेव्हा त्यांतली सुमारे ३० हयात होती. त्या मुलांवर उपचारांबरोबर प्रयोगही चालत, आणि पालकांना त्याची धड कल्पना दिली जात नसे. माझ्या वर्गात पंचेचाळीस मुले बसतात. १२२ म्हणजे जवळजवळ तीन तुकड्या. हजेरी घेताना किती वेळा शांतता ऐकू येईल, याचा हिशेब मी करून पाहिला आणि त्या रात्री पुढे वाचले नाही.

आता टीकेकडे वळतो. या ग्रंथाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. निष्कर्ष आणि शिफारशी झाल्या की लगेच दुसऱ्या खंडात लोकांचे अनुभव येतात. तज्ज्ञ, अधिकारी आणि मंत्री मागून येतात. ज्यांना आजवर सर्वांत शेवटी, कंटाळून ऐकले गेले, त्यांना न्यायाधीशाने सर्वांच्या आधी बोलावले आहे. कादंबरीकाराने शिकावी अशी ही गोष्ट आहे.

परंतु खरे नाट्य आहे ते भाषेचे. त्या काळी उपलब्ध असलेले उत्तमातले उत्तम उपचार दिले गेले, हे पालुपद सरकार वर्षानुवर्षे आळवीत होते. अहवालाने ते खोडून काढले आहे. ‘दिले गेले’ हा प्रयोग मुलांना शिकवताना मी सांगतो की येथे ‘कोणाकडून’ हा शब्द गाळता येतो. गाळता येतो, म्हणून सगळी दप्तरे तो गाळतात. आपली मराठी तर याहून पुढे गेली आहे. ‘चूक झाली’ असे आपण म्हणतो. या वाक्यात कर्ता आहेच. चूक हीच कर्ता. ती आपण होऊन आली, झाली आणि निघून गेली. ‘आम्ही चूक केली’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांत मी क्वचितच ऐकले आहे.

याच्या उलट दुसरे एक वाक्य पाहा. भुकटी घरी टोचण्याची सोय झाल्यावर अनेक घरांत ती आईच टोचीत असे. पुढे मुलगा आजारी पडला, काहींचा गेला; आणि या आया चाळीस वर्षे एकच वाक्य मनात घोळवीत राहिल्या: मी टोचले, माझ्या हातांनी टोचले. ज्यांनी ‘आम्ही’ म्हणायचे ते ‘झाले’ म्हणत राहिले. जिच्याकडे दोषाचा लवलेश नाही तिने मात्र ‘मी’ म्हणून सारे अंगावर घेतले. कर्ता वाक्यातून नाहीसा होत नाही. बलवंताने टाकला की तो दुर्बलाच्या माथी बसतो.

माझ्या मते, उपचारांनीच ज्यांना अपाय झाला त्यांच्यासाठी रुग्णालयात जी खास समाजसेविका लागते, तिचे काम येथे सुरू होते. कर्ता उचलून त्याच्या खऱ्या जागी ठेवणे, हे ते काम. बाकीची कामे पुष्कळ आहेत: हरवलेले जुने कागद शोधणे, भरपाईचे अर्ज भरणे, नोकरी आणि घरकर्ज यांची विवंचना, आणि घरात कोणाला काय व केव्हा सांगायचे याचा विचार. अनेकांना आपल्या आजाराची बातमी पत्राने, फोनवर किंवा चारचौघांत कळली होती. काहींना ती वर्षानुवर्षे कळलीच नाही. १९९१ साली एच.आय.व्ही.चा दावा मिटवताना काविळीबद्दलही पुन्हा दावा करणार नाही, असे या लोकांकडून लिहून घेण्यात आले. काविळीचा हा विषाणू आपल्या अंगात आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नव्हते. ज्या माणसाने असल्या कागदावर सही केली आहे तो पुढचा कोणताही कागद सरळ मनाने हातात घेईल काय? त्याच्यापुढे अर्ज सरकवण्याआधी त्याच्याजवळ बसावे लागते.

आणि येथेच या पेशाची अडचण आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ साली मेरी स्टुअर्ट नावाच्या बाई ‘अल्मोनर’ म्हणून नेमल्या गेल्या. रुग्णालयातील समाजसेवेचा आरंभ त्यांच्यापासून धरतात. त्यांचे पहिले काम काय होते? ऐपत असूनही फुकट औषध नेणारा कोण, हे ओळखणे. रुग्णापासून रुग्णालयाचे रक्षण करण्यासाठी ही खुर्ची मांडली गेली. त्याच रुग्णालयात पुढे डॉ. कॅथरिन डॉर्मंडी यांनी हिमोफिलियाचे मोठे केंद्र उभारले, आणि तेथे डॉक्टरांच्या जोडीला समाजसेविका काम करू लागल्या. आता काम उलटे झाले. पगार रुग्णालयाचा, आणि त्याच रुग्णालयांच्या मागच्या करणीने पोळलेल्या माणसाची बाजू समजून घ्यायची. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीला ही सोय नाही. ‘आपल्याकडून चूक झाली’ असे म्हटले की ऐकणाराही त्यात ओढला जातो आणि दोष वाटून पातळ होतो. समाजसेविकेला ‘आम्ही’ म्हणावे लागते; आणि त्या ‘आम्ही’त तिने न केलेल्या गोष्टीही येतात.

हा पेशा आपल्याला नवा नाही. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात पहिली नेमणूक झाली. त्याच जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी नावे घेऊन दोष कोणाचा ते लिहिले, म्हणून तो अहवाल गाजला. म्हणजे कर्ता शोधणारे न्यायाधीश आपल्याकडेही होऊन गेले. परंतु न्यायाधीश मेलेल्यांचा हिशेब मांडतो, आणि तोही पुष्कळदा उशिरा. जगलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कोण जाते? सरकारी भाषेत तिला ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ म्हणतात आणि रुग्ण ‘सोशल वर्कर बाई’ म्हणतात. बिलात सवलतीचा शेरा मिळवण्यासाठी जिच्या टेबलापुढे रांग लावायची ती बाई, एवढीच तिची आपल्याला ओळख.

आमच्या कादंबऱ्यांत तर तेवढीही नाही. आम्हां लेखकांना रुग्णालय आवडते ते दोन प्रसंगांसाठी: एक मृत्यू आणि दुसरा डॉक्टरच्या मनातले द्वंद्व. रुग्ण गेला की प्रकरण संपते. बरा झाला तर कादंबरी संपते. बरा होऊन अधू झालेला, वाचला म्हणून उपकार मानायचे की बुडालो म्हणून जाब विचारायचा हे न उमगलेला माणूस आमच्या हाती लागत नाही. तो रुक्ष असतो. त्याच्याजवळ फाईल असते. मी हे दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही. माझाच दाखला देतो.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक बहिरी मावशी आहे. ‘तापात मावशीचे कान गेले’ असे एक वाक्य लिहून मी तिच्या बहिरेपणाची वासलात लावली आहे. ही मावशी म्हणजे माझी थोरली बहीण. २०१२ साली आक्काला नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय झाला. सहा महिन्यांहून अधिक काळ तिला कानामायसिनची इंजेक्शने दिली. कानात घंटा वाजतात, असे ती एक दिवस म्हणाली. वाजतील, पुढे थांबतील, असे उत्तर मिळाले. घंटा थांबल्या, आणि बाकीचे सारेच थांबले. या औषधाने श्रवणशक्ती जाऊ शकते हे जुने ज्ञान आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या क्षयासाठी ते वापरू नये असे सांगितले. इंजेक्शनांच्या त्या उपचाराने आक्का वाचली, हेही तितकेच खरे. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहावी लागतात. मी एकही लिहिले नाही. कादंबरीत इंजेक्शन रुक्ष दिसले असते, म्हणून मी ताप घातला.

काही वर्षांनी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मी आक्काला दुसऱ्या एका रुग्णालयात नेले. तेथल्या सोशल वर्कर बाईंनी जुने उपचारकार्ड मागितले, वरपासून खालपर्यंत वाचले, आणि आक्काच्या पुढ्यात वही ठेवून मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘ताई, आम्ही दिलेल्या इंजेक्शनांमुळे तुमचे ऐकणे गेले. इंजेक्शने चालू असताना आम्ही तुमचे कान तपासायला हवे होते. ते आम्ही केले नाही.’ त्या बाई इंजेक्शने देणाऱ्या रुग्णालयात कधीच नोकरीला नव्हत्या. तरी त्यांनी ‘आम्ही’ लिहिले.

आक्काने ते दोनदा वाचले. मग बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही तशी ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “मग मी घंटा वाजतात ते उशिरा सांगितलं म्हणून नव्हे ना?”

इतकी वर्षे ती हे मनात धरून होती. मी तिच्याच घरात राहतो, रोज तिच्यासमोर जेवतो आणि कादंबऱ्या लिहितो. मला ते ठाऊक नव्हते. विचारावे असे मला सुचलेही नव्हते. हे सुचणे हाच त्या बाईंचा पेशा.

लँगस्टाफ यांचा अहवाल वाचताना मला तो प्रसंग वारंवार आठवला. अहवालाने हजारो आयांना जे चाळीस वर्षांनी सांगितले, ते एका बाईने वहीच्या एका पानावर सांगितले होते. ते पान वेळेवर लिहिणारी माणसे प्रत्येक रुग्णालयात असतील, आणि त्यांना ‘आम्ही’ लिहिण्याची मुभा असेल, तर न्यायाधीशांना सात खंड लिहावे लागणार नाहीत. आणि आम्ही कादंबरीकारांनी निदान त्यांच्या वाटेत ताप घालू नये.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव कमी आहे. तरी घरच्या प्रतीत ते वाक्य खोडून मी शाईने वर लिहिले: ‘क्षयाच्या इंजेक्शनांनी मावशीचे कान गेले.’ आणि आक्काला दाखवले. तिने चष्मा लावून वाचले, बोट त्या ओळीवर ठेवले आणि विचारले, “इंजेक्शनं काय आपली आपण टोचली? देणारा कोण, ते कुठाय?”

दुरुस्ती अजून पुरी झालेली नाही.