गिरक्या मोजणाऱ्यांचा ‘स्वान लेक’

बॅलेच्या गाला कार्यक्रमांची अलीकडची चित्रीकरणं पाहून मी वैतागलो आहे. ‘स्वान लेक’मधलं ओडील आणि राजपुत्राचं युगुलनृत्य कथेतून उचकटून आणायचं, कोडात, म्हणजे त्याच्या शेवटच्या वेगवान भागात, बत्तीस फुएते (एका पायावरच्या सलग गिरक्या) घ्यायचे, मध्येच दुहेरी-तिहेरी गिरक्या पेरायच्या, की प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरायला मोकळे! कथकमध्ये नुसत्या चकऱ्या मोजणाऱ्याला सम कुठे आली हे कळत नाही, तसंच हे.

१८९५ साली मारिइन्स्की रंगमंचावर पिएरिना लेन्यानीनं हे फुएते केले, तेव्हा त्यांना नाट्यात जागा होती. ओडील ही जादूगार रॉथबार्टची मुलगी, ओडेटचं रूप घेऊन आलेली; तिला राजपुत्राची मती गुंग करून त्याच्याकडून भलतीच शपथ वदवून घ्यायची असते. शपथ नाही, रॉथबार्ट नाही, खिडकीबाहेर तडफडणारी, शापानं हंस झालेली ओडेट नाही, मग उरते ती कसरत.

या बॅलेचा खरा प्राण ओडेट आणि राजपुत्राच्या युगुलनृत्यात आहे, लेव्ह इवानोव्हनं तळ्याकाठच्या प्रवेशात बांधलेल्या अदाजिओत, म्हणजे संथ लयीच्या भागात. हार्पचे सूर ओसरतात, एकट्या व्हायोलिनची धून सुरू होते. ओडेट पाय पुढे पसरून, त्यावर ओणवी होऊन जमिनीवर बसलेली असते. राजपुत्र तिचे हात धरून तिला हळूहळू उभी करतो. पुढे व्हायोलिनला चेलो येऊन मिळतो आणि दोन वाद्यांचा संवाद सुरू होतो. अखेरीस ती त्याच्या आधारानं उभी असताना तिचं एक पाऊल दुसऱ्या घोट्याशी भराभर थरथरतं. भीती अजून गेलेली नाही आणि विश्वास तर बसू लागला आहे, हे सगळं त्या एका पावलात येतं.

नृत्यदिग्दर्शक अलेक्सेई रात्मान्स्कीनं २०१६ साली झुरिकमध्ये स्तेपानोव्ह पद्धतीच्या जुन्या नृत्य-नोंदींवरून हा बॅले पुन्हा उभा केला, तेव्हा हे नृत्य किती वेगळं असू शकतं ते दिसलं. पाय माफक उंचीवर, लय वाहती, आणि राजपुत्राचा मित्र बेनो पुन्हा अदाजिओत. १८९५चा राजपुत्र पावेल गेर्ट पन्नाशीचा होता, म्हणून आधार द्यायला बेनोही असे. पुढच्या पिढ्यांनी त्याला अडगळ समजून काढून टाकलं. मला तर तो असल्यानं ओडेट अधिक एकाकी वाटते. रुडॉल्फ नुरेयेवनं आपल्या आवृत्तीत राजपुत्राचं एकल नृत्य वाढवलं, युगुलनृत्याच्या पदरात काही पडलं नाही. मॅथ्यू बोर्नच्या आवृत्तीतले पुरुष हंस जोरकस आहेत, पण तो वेगळाच खेळ.

‘आजच्या नर्तिकांचं शरीर जास्त सक्षम आहे, मग का थांबायचं?’ असं विचारतात. मी उलट विचारतो, पाय कानापर्यंत नेण्यासाठी अदाजिओ इतका ठाय करायचा, की व्हायोलिनवादकाला एकेक स्वर रबरासारखा ताणावा लागतो, याला सक्षमता कशी म्हणायची? संगीत चायकोव्हस्कीचं आहे, नर्तिकेच्या तोलाची सोय म्हणून लिहिलेलं नाही. नर्तिका माया प्लिसेत्स्काया बत्तीस फुएते टाळून रंगमंचाला वेगानं फेरी घालायची, म्हणून तिची ओडील उणी ठरली नाही. पण आज एखादीचे बत्तीस पुरे झाले नाहीत, की त्या तुकड्याची ध्वनिचित्रफीत जगभर फिरते. आधीचे दोन अंक तिनं कसे नाचले, हे कुणी विचारतही नाही.

वाद्यवृंदाच्या संचालकांनी लय नर्तिकेच्या पायांवर सोडणं बंद करावं, आणि आपण प्रेक्षकांनी कोडा संपेपर्यंत हात आवरावेत.