‘उचल्या’ पुन्हा वाचताना

लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी सात वर्षे, म्हणजे १९८० साली, लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ आले होते. ही दोन्ही पुस्तके आमच्या घरच्या फळीवर शेजारी शेजारी उभी आहेत. आम्ही ती वाचली, हळहळलो, चारचौघांत त्यांच्याविषयी बोललो आणि परत जागेवर ठेवली. एखादे पुस्तक आवडणे आणि त्याच्यापासून काही शिकणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांला गेल्या पावसाळ्यात रोडपालीत कळले.

झाले ते असे. आमच्या इमारतीत लादी बसवण्याचे काम करणारे परप्रांतातले एक कुटुंब जवळच्याच खोलीत राहत होते. एका रात्री त्या घरच्या कर्त्या माणसाला ‘चौकशीसाठी’ म्हणून नेण्यात आले. त्याची पत्नी आमच्या दारी आली, तेव्हा कोणत्या पोलीस ठाण्यात नेले हे तिला सांगता येईना. कागदपत्रे गावाकडे सासऱ्याच्या पेटीत होती. गावातल्या कोणाचा दूरध्वनी क्रमांक तिला पाठ नव्हता. सारे क्रमांक नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, आणि तो मोबाईल नवऱ्याबरोबर गेलेला. तिने आम्हांला विचारले, ‘आता काय करायचे?’ आम्ही शिकलेले, पुस्तके बाळगणारे. पण तिला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. त्या रात्रीनंतर आम्ही ‘उचल्या’ पुन्हा हाती घेतले आणि ते आम्हांला निराळेच पुस्तक वाटले.

पहिल्या वाचनात आम्हांला भावले ते त्याचे निवेदन. कुठेही आवाज न चढवता, जणू शेजारच्या घरची हकिकत सांगावी तसे लेखक भुकेविषयी, मारझोडीविषयी आणि चोरीविषयी सांगत जातो. आरंभीच तो आपली ओळख देतो ती स्वतःजवळ काय काय नाही ते सांगून, आणि त्या यादीत जन्मतारीखही येते. पूर्वी हा आम्हांला केवळ दारिद्र्याचा तपशील वाटला होता. आज कळते की ही नोंद सबंध पुस्तकाची किल्ली आहे. ज्याच्या जन्माचा कागद नाही, त्याला आपण कोण हे प्रत्येक दारात नव्याने सिद्ध करावे लागते; आणि ज्या दारात ते सिद्ध करायचे, तिथे बहुधा वर्दीच उभी असते.

ह्या अवस्थेला इतिहास आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ह्या कायद्याखाली सबंध जमातच जन्मतः गुन्हेगार ठरवली जाई. हजेरी लावणे, दुसऱ्या गावी जाण्यासाठी दाखला घेणे हा त्यांच्या जगण्याचा भाग झाला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण कायदा गेला म्हणून नजर जात नाही. ‘उचल्या’तील घरझडत्या, बायकांपोरांदेखत होणारी मारहाण आणि सुटकेसाठी जमवावे लागणारे पैसे हे सारे त्या उरलेल्या नजरेचे चित्र आहे.

पुस्तकातील एक प्रसंग मात्र आम्हांला ह्या वेळी पुढे जाऊ देईना. उचलेगिरी शिकणाऱ्या पोराला आपलीच माणसे आधी मारतात. उद्देश एवढाच, की उद्या पोलिसांच्या हाती सापडला तर मार सोसावा, तोंड उघडू नये, साथीदारांची नावे सांगू नयेत. पहिल्या वाचनात आम्ही ह्याला क्रौर्य म्हणून पान उलटले होते. आता वाटते, मराठी साहित्यात पोलिसांना सामोरे जाण्याची ‘तयारी’ कुठे वर्णिली असेल, तर ती येथे. आणि ती तयारी आहे मार खाण्याची. बाप, भाऊ, काका पोराला दुसरे काय देणार? अर्ज कसा लिहावा, वकील कुठे मिळतो, किती तासांत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. अंगावर वळ उमटवणे हेच त्यांचे प्रेम झाले. लेखकाने ह्यावर भाष्य केलेले नाही, हे त्याचे मोठेपण. पण वाचकानेही ते करू नये, असा त्याचा अर्थ नाही.

‘उपरा’ ह्या बाबतीत थोडे वेगळे आहे. तिथे गाढवांच्या पाठीवर संसार घालून गावोगाव हिंडणारे कैकाडी कुटुंब आहे, आणि शिकणाऱ्या मुलाची घुसमट आहे. त्यात अपमान करणारा केवळ शिपाई नाही. गाव आहे, शाळा आहे, स्वतःची जातपंचायतही आहे. म्हणून ‘उपरा’ अधिक व्यापक आणि अधिक एकाकी वाटते. ‘उचल्या’त मात्र माणूस आणि सत्ता ह्यांची समोरासमोर गाठ पडते. आमच्या प्रश्नासाठी तेच पुस्तक अधिक उपयोगी आहे.

‘उचल्या’च्या उत्तरार्धाविषयी आमचे मत पूर्वी प्रतिकूल होते. सूतगिरणीतील नोकरी, कामगारांची संघटना, विमुक्तांचे मेळावे ह्यांच्या वर्णनात कथन सैल होते, आत्मकथनाचा अहवाल होतो, असे आम्ही म्हणत असू. रचनेच्या दृष्टीने ते आजही खोटे नाही. परंतु ज्या पानांना आम्ही रुक्ष म्हणालो, त्याच पानांत मार सोसण्याची तयारी संपून हक्काची तयारी सुरू होते. एकटा पोर मुकाट्याने मार खातो. संघटित माणसे निवेदन देतात, नाव विचारतात, जाब मागतात. साहित्याच्या रसिकाला पूर्वार्ध प्रिय असणार. त्या रात्री आमच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला उत्तरार्धाची गरज होती.

हा प्रश्न केवळ विमुक्तांचा राहिलेला नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईत बांगलादेशी म्हणून पकडलेल्या बंगाली भाषक माणसांना आगगाडीने पूर्वेकडे नेले जात असता, पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना उतरवून घेतले होते. जून २०२५ मध्ये मीरा रोड परिसरातून पकडलेल्या एका मुर्शिदाबादच्या गवंड्याला सरहद्दीपलीकडे ढकलण्यात आले; त्याच्या राज्याने हालचाल केल्यावर तो परत आला. परदेशी नागरिकांची तपासणी करण्याचा राज्यसंस्थेला अधिकार आहे, ह्याविषयी वाद नाही. पण बोलीवरून माणसाचा देश ठरवला गेला, की चूक कोणाच्या पाठीवर पडते, ते ‘उचल्या’ वाचलेल्याला सांगावे लागत नाही. कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तळोज्याचे कारखाने ज्यांच्या हातांवर चालतात, त्यांत अशा अनेक बोली आहेत. आमच्या गावागावांतल्या धर्मग्रामांतही झारखंड-छत्तीसगडहून आलेल्या, घरकाम करणाऱ्या भगिनी आहेत.

आमच्या श्रद्धेच्या ग्रंथातही ह्या तयारीची एक कथा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाला फटके मारण्यासाठी बांधले जाते, तेव्हा तो शताधिपतीला आपल्या रोमी नागरिकत्वाची जाणीव देतो आणि बांधणारेच घाबरतात. फिलिप्पी येथे अधिकारी त्याला गुपचूप सोडू पाहतात. तो जायचे नाकारतो, त्यांनी स्वतः यावे असे म्हणतो. हुतात्म्याची सहनशीलता ज्याच्याजवळ होती, त्याने हक्क सांगण्यात कमीपणा मानला नाही. मात्र ह्या कथेची एक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. पौल रोमी होता म्हणून वाचला. शेजारच्या खांबाला एखादा गुलाम बांधलेला असता तर? आपल्या संविधानाचा २२ वा अनुच्छेद ह्याच्या पुढे जातो. अटकेचे कारण कळणे, आपल्या पसंतीचा वकील मिळणे, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाणे ही संरक्षणे सर्वसाधारण अटकेत केवळ नागरिकाला नव्हे, तर माणसाला आहेत.

डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा लेखी पंचनामा आणि नातलगाला खबर ह्यांचा दंडक घालून दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही खबर देणे बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थितीत दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. गरिबाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे, की आधारपत्र हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, आणि आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्या माणसावरच टाकला आहे. म्हणून जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आईवडिलांची जुनी कागदपत्रे ह्यांच्या प्रती जवळ हव्यात. खोटा कागद मात्र कधीही नको. तो वाचवत नाही, बुडवतो.

ही तयारी कोणी करून द्यायची? आम्हांला वाटते, ज्यांच्या घरात पुस्तके आहेत त्यांनी. त्या रात्रीनंतर आम्ही काही जण रविवारी दुपारी त्या खोल्यांतल्या कुटुंबांबरोबर बसू लागलो आहोत. काम साधे आहे. वहीच्या पहिल्या पानावर गावचा पूर्ण पत्ता, तिथल्या दोन माणसांचे क्रमांक, जवळच्या पोलीस ठाण्याचे नाव आणि १५१०० लिहायचे. कागदांच्या प्रती एका पिशवीत घरी, दुसऱ्या विश्वासू शेजाऱ्याकडे. एक क्रमांक बायकोला आणि मोठ्या मुलाला तोंडपाठ. पोलीस आले तर पळायचे नाही, हुज्जत घालायची नाही, खोटे बोलायचे नाही. नेणाऱ्याचे नाव आणि कुठे नेता हे नम्रपणे विचारायचे. न वाचता अंगठा उठवायचा नाही. लादीवाल्याच्या पत्नीने पहिल्या रविवारी स्वतःच्या गावाचे नाव प्रथमच आपल्या हाताने लिहिले. तालुक्याचे नाव तिला ठाऊक नव्हते. ते तिने नवऱ्याला विचारून घेतले.

समीक्षकाने पुस्तकाचे मोल त्याच्या पानांतच शोधावे, असे आम्ही एके काळी मानत होतो. ‘उचल्या’ने ते मत बदलायला लावले. ते श्रेष्ठ पुस्तक आहेच. पण त्यात पोराला मार खायला शिकवणारी जी माणसे आहेत, ती वाईट नाहीत. त्यांच्या शेजारी दुसरे काही शिकवणारा कोणी राहत नव्हता, एवढेच. वाचकहो, आपण शेजारी राहतो.