पाकिटातली नटी

जेमतेम अडीच इंच उंच आणि दीड इंच रुंद पुठ्ठा. न्यूयॉर्कच्या किनी ब्रदर्सने १८९० च्या सुमारास 'स्वीट कॅपोरल' सिगारेटच्या पाकिटांतून अशा पुठ्ठ्यांवर नट्यांची छायाचित्रे वाटली. पुठ्ठ्याचे मूळ काम साधे होते: मऊ पाकिटातल्या सिगारेटी चुरगळू नयेत. त्या कोऱ्या जागेवर नटी आली ती गिऱ्हाईक धरून ठेवायला.

चित्र निवांत पाहावे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरची ही छपाई; काळाने तिचा उजळ भाग पिवळसर पडतो आणि गालांवर, खांद्यांवर मूळ छायाचित्रात नसलेली ऊब येते. मागे रंगवलेला पडदा, शेजारी लटकाच खडक. हात कमरेवर, वजन एका पायावर, आणि पाय घट्ट टाइट्समध्ये. घोट्यापर्यंत झगे घालायच्या त्या काळात खरा माल हाच होता. तंबाखू उद्योजक वॉशिंग्टन ड्यूक १८९४ मध्ये मुलाला पत्र लिहून अशा चित्रांबद्दल तक्रार करतात, ती उगीच नाही.

मला मात्र रेंगाळायला लावते ती चेहऱ्यावरची अलिप्तता. नटी इथे कुठलीच भूमिका करत नाही. नाटकाचे नाव नाही, प्रसंग नाही. ब्रॉडवेची पायरीही न चढलेल्या कारकुनाच्या खिशात ती जाऊन बसते. तिचे काम न पाहताच तो तिचा चाहता होतो. अशा पुठ्ठ्यांच्या मालिकांत वारंवार दिसणाऱ्या गायिका-नटी लिलियन रसेलबाबत हे विशेष खटकते. तिची कीर्ती गळ्याची, आणि पुठ्ठा मुका! त्यात गंमत अशी, की याच रसेलने टाइट्स घालून रंगमंचावर उभे राहायला नकार दिला. थंडी बाधते, हे तिचे कारण. व्यवस्थापक डफ यांच्याशी तिचा हा वाद थेट न्यायालयात गेला. तिच्या पायांवर हक्क कोणाचा, हे कायद्याला ठरवावे लागले. तंबाखूवाल्यांनी ते केव्हाच ठरवून टाकले होते.

जेफरसन बर्डिक या संग्राहकाने असे लाखो छापील कागद जमवून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. तिथे अनेक पुठ्ठ्यांची नोंद नुसती 'अभिनेत्री' एवढीच आहे. सिगारेटचे नाव मात्र सहसा ठाऊक असते.