राणी मेरीचीं सांकेतिक पत्रें आणि 'सरसकट शोधा'ची मर्यादा

इ. स. २०२३ च्या फेब्रुवारींत 'क्रिप्टोलॉजिया' या नियतकालिकांत जॉर्ज लास्री, नॉर्बर्ट बियरमन व सातोशी तोमोकियो या तिघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी स्टुअर्ट ही इंग्लंडांत कैदेंत असतां तिनें इ. स. १५७८ ते १५८४ या अवधींत गुप्तलिपींत लिहिलेलीं ५७ पत्रें पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत या मंडळींस आढळलीं व त्यांनीं तीं वाचलीं. बहुतेक पत्रें लंडन येथील फ्रेंच वकील मिशेल द कास्तेल्नो यास लिहिलेलीं आहेत. त्यांपैकीं पन्नासांच्या सुमारास पत्रें इतिहासकारांस सर्वथा अज्ञात होतीं, आणि उलगडलेला मजकूर सुमारें ५०,००० शब्दांचा भरतो. इ. स. १५८७ त जिचा शिरच्छेद झाला व जिच्या चरित्रावर तेव्हांपासून आजतागायत लेखणी चालत आहे, तिच्या स्वतःच्या शब्दांचा एवढा सांठा एकाएकीं हातीं यावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. निबंधकारांच्या चिकाटीविषयीं आम्हांस आदर आहे, हें आरंभींच सांगून टाकतों.

तथापि या शोधाची वार्ता आमच्या कानीं वारंवार आली ती निराळ्याच रूपानें. संगणकानें शक्य तितक्या सर्व किल्ल्या एकामागून एक लावून पाहिल्या, त्यांतील एक लागली, आणि पत्रें उघडलीं, असें सांगितलें जातें. त्यावरून पुढचें अनुमान असें कीं, दप्तरांतील न लागणारे कागद यंत्रापुढें ठेवले कीं काम झालें. भाषा, हस्ताक्षर व काळ जाणणाऱ्या वाचकाची आतां गरज उरली नाहीं. हा समज निबंधांत कोठेंही नाहीं. निबंध न वाचतां तो झालेला आहे. परंतु संग्राहकांत तो बळावत चालला असल्यामुळें त्याची छाननी करणें अवश्य झालें आहे.

सर्व पर्याय ओळीनें तपासण्याच्या या रीतीस संगणकशास्त्रांत 'ब्रूट फोर्स' म्हणतात; आपण तिला 'सरसकट शोध' म्हणूं. ही रीति तुच्छ नव्हे. अमेरिकन सरकारनें १९७७ त प्रमाण ठरविलेली 'डेस' नामक गुप्तलेखनपद्धति ५६ बिटांच्या किल्लीवर चाले. म्हणजे शक्य किल्ल्या सुमारें ७२ वर १५ शून्यें इतक्या झाल्या. इ. स. १९९८ त केवळ याच कामासाठीं बांधलेल्या एका यंत्रानें ५६ तासांत इष्ट किल्ली हुडकून काढली. त्यांत युक्ति नव्हती, तर्क नव्हता. निव्वळ वेग होता. पण किल्ली एका बिटानें वाढली कीं श्रम दुप्पट होतात, आणि १२८ बिटांच्या किल्लीपुढें तसलें यंत्र लाखांनीं उभें केलें तरी कांहीं साधत नाहीं.

आतां जुन्या काळच्या साध्या गुप्तलिपीचें उदाहरण घेऊं. २६ अक्षरांपैकीं प्रत्येकाच्या जागीं दुसरें एक अक्षर लिहावयाचें, एवढाच जिचा नियम, तिच्या किल्ल्या ४ वर २६ शून्यें इतक्या होतात. सेकंदास १०० कोटी किल्ल्या पाहणारें यंत्र लावलें तरी त्या सर्व पाहण्यास सुमारें १,२८० कोटी वर्षें लागतील. विश्वाचें वय १,३८० कोटींच्या आसपास मानतात. आणि मेरीची लिपि इतकी साधी नव्हती. तिच्यांत एका अक्षरास अनेक चिन्हें आहेत. शिवाय व्यक्ति, स्थळें व महिने यांस स्वतंत्र खुणा आहेत. समजा, केवळ शंभर चिन्हें असून प्रत्येक चिन्ह २३ अक्षरांपैकीं कोणतेंही असूं शकतें. तर किल्ल्यांची संख्या १ वर १३६ शून्यें होते. सरसकट शोध येथें थकतो असें म्हणणेंही चुकीचें; त्याचा आरंभच होत नाहीं.

मग पत्रें वाचलीं कशीं? यंत्रानें एक किल्ली मनास येईल तशी धरली, तिनें निघालेला मजकूर फ्रेंच भाषेच्या वळणास कितपत मिळतो याचें गुणांकन केलें, मग किल्लींत एक लहानसा बदल करून गुण वाढले तर तो ठेवला, नाहीं तर सोडला. धुक्यांत टेकडी चढणारा मनुष्य पायाखालची चढण पाहून पाऊल टाकतो, तसा हा प्रकार आहे. शिखर कोठें आहे हें त्यास दिसत नाहीं, आणि भलत्याच उंचवट्यावर अडकण्याचा धोका असतो. म्हणून पुनःपुन्हां नव्या ठिकाणाहून आरंभ करावा लागतो. पण मुख्य मुद्दा हा कीं, चढण मोजावयाची कशानें? फ्रेंच भाषेंत कोणतीं अक्षरें कोणत्या अक्षरांशेजारीं किती वेळां येतात, या ज्ञानानें. तें ज्ञान यंत्रानें शोधलेलें नव्हे. तें त्यास देण्यांत आलेलें आहे.

आणि भाषा फ्रेंच, हें तरी कोणी सांगितलें? ग्रंथालयाच्या सूचींत हे कागद सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील व इटलीच्या कारभारासंबंधीं म्हणून नोंदलेले होते. काळ चुकला, देश चुकला, व्यक्तीचा तर उल्लेखच नाहीं! इटालियन धरून चाललेल्या प्रयत्नांस यश आलें नाहीं. फ्रेंच धरतांच शब्द उमटूं लागले. पुढें स्त्रीलिंगी रूपें, कैदेचा व पुत्राचा उल्लेख, आणि शेवटीं वॉल्सिंगहॅम हें नांव, एवढ्यांवरून लेखिका कोण हें मंडळींनीं ओळखलें. वॉल्सिंगहॅम हा राणी एलिझाबेथचा मंत्री व हेरखात्याचा सूत्रधार होता, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास तें नांव दिसूनही कांहीं दिसलें नसतें. शिवाय लाखाहून अधिक चिन्हें डोळ्यांनीं पाहून, एकसारखीं दिसणारीं वेगळीं काढून व वेगळीं दिसणारीं एकत्र आणून उतरवावीं लागलीं. ज्यानें मोडीच्या घाईच्या हातांत 'न' व 'त' यांचा घोळ सोडविला आहे, त्यास या श्रमाचें मोल निराळें सांगावयास नको.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. संगणकतज्ज्ञ रिचर्ड सटन यांनीं २०१९ त लिहिलेल्या एका छोट्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, मानवी ज्ञान यंत्रांत भरण्याचे प्रयत्न अखेरीस मागें पडतात, व शोध आणि अध्ययन या गणनशक्तीबरोबर वाढणाऱ्या सामान्य रीतीच पुढें जातात. बुद्धिबळाचा दाखला त्यांत आहेच: १९९७ त कास्पारोव्हला हरविणारें 'डीप ब्लू' यंत्र सेकंदास सुमारें २० कोटी स्थिति तपाशीत असे. हें खरें आहे. परंतु बुद्धिबळांत मात झाली कीं नाहीं हें पटावरच ठरतें, त्यास साक्षीदार लागत नाहीं. चारशें वर्षांपूर्वीच्या कागदाचें वाचन बरोबर कीं चूक, हें ठरविणारा पंच कागदांत नसतो. म्हणून डाव जिंकण्याचा नियम कागद वाचण्यास जसाच्या तसा लावतां येत नाहीं.

वेगाचा प्रश्न सोडून देऊं. यंत्र अनंत वेगाचें आहे असें मानूं. तरीही एक मर्यादा उरते, आणि आमच्या मतें संशोधकास तीच अधिक महत्त्वाची आहे. क्लॉड शॅनन यांनीं १९४९ त दाखविलें कीं, सांकेतिक मजकूर एका ठराविक लांबीहून तोकडा असला तर त्यास एकाहून अधिक किल्ल्या लागतात व प्रत्येकीनें अर्थपूर्ण वाचन निघतें. इंग्रजीच्या साध्या अक्षरबदलास ही लांबी तीस अक्षरांच्या आंतबाहेर पडते. हें पटविण्यास इंग्रजी कशास हवी? केवळ व्यंजनें लिहिण्याची गुप्तलिपि घ्या व तींत चार चिन्हांचा एक शब्द घ्या, ज्याचें पहिलें व तिसरें चिन्ह एक आहे. तो 'कारकून' असेल, 'तरतूद' असेल, किंवा 'बरबाद'ही असेल! तिन्ही शब्द दप्तरांतले, तिन्ही सांच्यांत बिनचूक बसणारे. येथें सरसकट शोध पूर्ण झाला तरी तो उत्तर देत नाहीं. तो उत्तरांची रास देतो.

प्रस्तुत लेखकाकडे एक स्नेही मध्यंतरीं एक कागद घेऊन आले. मोडी पत्राच्या पाठीवर सतरा अपरिचित चिन्हें, आणि सोबत यंत्राकडून मिळविलेलें वाचन. त्यांत पुरलेल्या द्रव्याचा निर्देश! चिन्हांपैकीं दोनच पुनरुक्त होतीं. आम्हीं तेथेंच बसून त्याच सांच्यांत बसणारें दुसरें वाक्य करून दाखविलें. तें निरुपद्रवी असून धान्याच्या मापाविषयीं होतें. स्नेह्यांस तें रुचलें नाहीं, पण खोडून काढतां आलें नाहीं.

हा दोष केवळ हौशी मंडळींचा नव्हे. येल विद्यापीठाच्या बाइनिकी ग्रंथालयांतील व्हॉयनिच हस्तलिखित प्रसिद्ध आहे. त्याचें चर्मपत्र कार्बनपरीक्षेनें १४०४ ते १४३८ या काळांतलें ठरलें असून लिपि अद्याप कोणास निर्विवाद लागलेली नाहीं. कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाच्या हॉवर व कोंड्राक या द्वयानें २०१६ त प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ३८० भाषांचे नमुने यंत्रास देऊन त्या लेखनाशीं हिब्रूचें साम्य सर्वाधिक असल्याचें सांगितलें. त्यांत शब्दांतील अक्षरें उलटसुलट केलेलीं असावींत व स्वर गाळलेले असावेत, अशीं गृहीतें आहेत. पहिल्या वाक्याचा अर्थ लावतांना वर्णलेखन दुरुस्त करून तें यंत्रभाषांतराच्या स्वाधीन केलें आहे. निबंधाचा गणिती भाग चांगला आहे, व ज्ञात भाषांवर त्याची परीक्षाही घेतलेली आहे. परंतु वाचनाचा विचार करतां, भाषा ३८० तून निवडावयाची, अक्षरें हलवावयाचीं, स्वर मनानें भरावयाचे आणि शेवटीं शुद्धलेखनही सुधारावयाचें! इतक्या सवलती घेतल्यावर कांहीं ना कांहीं अर्थ निघणें यांत नवल नाहीं. न निघता तर नवल. हिब्रूच्या जाणत्यांचें मत या कामीं अवश्य होतें.

मेरीच्या पत्रांचें वाचन याच्या उलट कां ग्राह्य? मजकूर प्रदीर्घ आहे. एकच किल्ली पत्रामागून पत्र उलगडते. आणि सर्वांत निर्णायक गोष्ट अशी कीं, कांहीं पत्रांच्या उलगडलेल्या नकला वॉल्सिंगहॅमच्या हेरांनीं त्या काळींच मिळविल्या होत्या, त्या ब्रिटनमधील दप्तरांत सांपडल्या व नव्या वाचनाशीं जुळल्या. असा स्वतंत्र साक्षीदार लाभणें हें भाग्य होय.

निबंधाविषयीं आमची एक तक्रार आहे. निवडक पत्रांचा पूर्ण मजकूर देऊन उरलेल्यांचे त्यांत सारांश दिले आहेत. एवढ्या मोठ्या सांठ्यास एका निबंधांत जागा नव्हती हें मान्य. पण सारांशावरून इतिहास लिहितां येत नाहीं. प्रत्येक पत्राचीं मूळ चिन्हें, खालीं वाचन, आणि संदिग्ध जागा खुणेनें वेगळ्या दाखविलेल्या, अशी आवृत्ति हवी. विशेषनामांच्या खुणा एकदोनदांच आल्या असतील तेथें वाचन संदर्भावर टेकलेलें असणार. तेथें अनुमान कोठें सुरू होतें हें वाचकास दिसलें पाहिजे. 

आपल्याकडे महानुभाव पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहिलेल्या असत, व विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या पंथाबाहेरील वाचकांस बंदच होत्या. त्या पोथ्या लांब आहेत, अक्षरबदल नियमित आहे, भाषा ज्ञात आहे; अशा लेखनापुढें आजचें यंत्र क्वचितच अडेल. अडचण आहे ती सुट्या पानांची, मिती नसलेल्या चिठ्ठ्यांची, आणि ज्यांचा मूळ रुमाल हरवला अशा तुकड्यांची. संग्राहक असे कागद 'न लागणारे' म्हणून बाजूस काढतात, कित्येकदां वेगळे विकतातही. तसें करतांना तें पान कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या मध्यें होतें याची नोंद जाते, आणि ती गेल्यावर कोणतेंही यंत्र ती परत आणीत नाहीं.

वर उल्लेखिलेल्या स्नेह्यांस त्यांचा कागद आम्हीं परत केला. तो ज्या रुमालांतून आला तो त्यांच्याकडे अद्याप शाबूत आहे. त्याच हातचीं आणखी चिन्हें इतर पत्रांच्या पाठीवर आहेत काय, हें पाहून नक्कल पाठविण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे. पन्नास-साठ चिन्हें मिळालीं तर आम्हीही यंत्र लावूं.