‘अस्सल मालवणी’ म्हणजे कुणाचं?

मालवणात हल्ली दर दुसऱ्या पाटीवर ‘अस्सल मालवणी’ असतं. माझी तक्रार ‘अस्सल’ या शब्दाशी आहे. थाळीतली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांसोबत आलेली. काजू ब्राझीलचा, त्याचं नावही तिथल्या तुपी भाषेतलं. फिलिपिनो लोक त्याला ‘कासुय’ म्हणतात, त्यांच्याकडेही तो वसाहतवाल्यांच्याच जहाजातून उतरला. त्यांच्या ‘अदोबो’ची तर गंमतच: व्हिनेगरमध्ये मांस शिजवायची रीत स्थानिक, नाव मात्र स्पॅनिशांनी दिलेलं.

आपल्याकडे परका माल आपला झाला आणि घरचा पाटीवरून गायब. कोकम सोलकढीपुरतं तगलं. पण तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याचं सांबार, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे किती थाळ्यांत दिसतात? सुरमई फ्राय मात्र सगळीकडे.

१ जूनपासून मासेमारीबंदी लागली की गाबितांच्या घरांत सुक्या बांगड्यावर, सुकटीवर दिवस निघतात. तो स्वयंपाक ‘अस्सल’मध्ये मोजलाच जात नाही, कारण तेव्हा पर्यटक फारसा नसतो, आणि असला तरी त्याला तो वास सोसत नाही. मिरचीला माझी हरकत नाही, ४०० वर्षांत ती इथलीच झाली. सुकटीला मात्र अजून थाळीत जागा नाही.