टोकाशी उजळणारा काळा

अंग काळेभोर आणि नाव मात्र रुपेरी. 'सिल्व्हर फॉक्स' हा शब्द पहिल्यांदा ऐकला की नाव ठेवणाऱ्याची नजर चुकली असे वाटते. हे लाल खोकडाचेच काळे रूप. (कोल्हा म्हणत नाही, कोल्हेकुई करणारा आपला कोल्हा निराळा, लांडग्याच्या जवळचा.) पण उत्तर अमेरिकेच्या फरबाजाराने हे नाव किती जवळून पाहून उचलले, ते कळायला त्याच्या पाठीवरचा एक केस पुरे.

केस मुळाशी काळा. टोकाच्या थोडा अलीकडे एक पांढरी पट्टी आणि टोक पुन्हा काळे. दोन काळ्यांच्या मध्ये धरलेले हे पांढरे सरळ डोळ्यांत भरत नाही, जनावर हलले की लहरत जाते. जुन्या पैंजणांच्या खाचांत काळे साचते आणि उंचवट्यांवर चांदी चमकते, तसे. नावाने मोजमाप केले असते तर 'काळा' म्हटले असते. नावाने उजेड टिपला.

असे केस कमी-अधिक असतात. जवळजवळ नसलेच तर तोच प्राणी 'ब्लॅक फॉक्स'. लाल आणि काळे दोन्ही अंगावर वागवणारा 'क्रॉस फॉक्स': कण्यावरून एक गडद पट्टा, खांद्यांवरून आडवा दुसरा. मराठी कानाला 'क्रॉस' म्हणजे संकर, कुत्र्यांच्या बाबतीत आपण म्हणतो तसा. इथे मात्र तो पाठीवरचा क्रूस आहे. तरीही आपला कान अगदीच फसत नाही, कारण काळेपणाच्या जनुकाची एकच प्रत वाट्याला आली की बऱ्याचदा असा क्रूस उमटतो. एकाच बिळात, एकाच आईच्या कुशीत, लाल आणि रुपेरी पिल्ले शेजारी शेजारी असू शकतात.

या काळ्याच्या वाटाही दोन. केसात लाल रंग भरायचा तर काळ्याला मधून मधून आवर घालावा लागतो, आणि ते काम अगूटी नावाच्या जनुकाचे. ते निकामी झाले की आवर सुटतो. किंवा अगूटीने ज्याला आवरायचे, तो रंगपेशीवरचा एमसी१आर हा ग्राहीच (रिसेप्टर) कायम चालू राहतो. फरवाल्यांनी पहिल्याला 'स्टँडर्ड' आणि दुसऱ्याला 'अलास्का' म्हटले. आपल्याकडच्या काळ्या बिबट्याचा काळेपणाही अगूटीच बिघडल्याचा. पण त्याचे ठिपके काळ्यात बुडतात आणि तिरप्या उन्हातच वर येतात. खोकडाचा काळा केसाच्या टोकाशी येऊन स्वतःच उजळतो.

त्या उजेडाला किंमत आली आणि शब्दाचा अर्थ जड झाला. रुपेरी कातडे लालपेक्षा कितीतरी महाग, म्हणून सापळेवाला रुपेरीच्या मागे अधिक लागे. पूर्व कॅनडातल्या कातड्यांच्या जुन्या नोंदी प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी जमवल्या, आणि पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1942 मध्ये त्यांवर गणित मांडले. 1830 च्या सुमारास लॅब्राडोरमधल्या कातड्यांत रुपेरी साधारण 16 टक्के. शंभर वर्षांनी 5 टक्क्यांच्या आसपास. निसर्गाने जपलेला रंग माणसाच्या आवडीने विरळ केला. तिकडे कॅनडाच्याच प्रिन्स एडवर्ड बेटावर चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट औल्टन यांनी तोच रंग पिंजऱ्यात वाढवायला घेतला होता. रानात घटणारी चांदी पिंजऱ्यात वाढत होती.

म्हणून हे नाव वाचताना मला त्यात दोन हात दिसतात. एक केस चिमटीत धरून निरखणारा, दुसरा त्याच केसाचा भाव करणारा. पहिल्याचे ऋण मी मानतो. त्याने इतके बारीक पाहिले नसते तर आपण 'काळा' म्हणून पुढे गेलो असतो. पण खुद्द खोकडाची खूण या दोघांच्याही पलीकडे, शेपटीच्या टोकाशी आहे. तिथला पांढरा झुपका लाल भावंडाला असतो, क्रूसवाल्याला असतो आणि रुपेरीलाही असतो. सगळे अंग काळे झाले तरी घरची ओळख तेवढ्या पांढऱ्यावर टिकून राहते.