चालकविरहित मोटार, नैतिक कोंडी आणि मानवी उत्तरदायित्व : ‘मॉरल मशीन’ प्रयोगाची चिकित्सा

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यंत्रांच्या नीतिमत्तेविषयी जी चर्चा झाली, तिच्यात एका प्रश्नाने फार मोठी जागा व्यापली. चालकविरहित मोटारीचे ब्रेक अचानक निकामी झाले आहेत. सरळ गेल्यास रस्ता ओलांडणारे पाच पादचारी मरतील, वळल्यास आतील प्रवासी मरेल. अशा वेळी मोटारीने कोणाला वाचवावे? हा प्रश्न सांगण्यास सोपा आहे आणि ऐकणाऱ्यास तत्काळ बाजू घ्यावयास लावणारा आहे. त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या वर्गापासून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत तो सर्वत्र पोहोचला. प्रस्तुत लेखाचा विषय त्या प्रश्नाचे उत्तर हा नाही. प्रश्नाची मांडणी काय गृहीत धरते आणि त्या गृहीतांमुळे माणसाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न कसा दृष्टिआड होतो, याची तपासणी येथे करावयाची आहे.

ट्रामच्या प्रश्नाचे स्थित्यंतर

या मांडणीचा उगम ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांच्या १९६७ मधील निबंधात आहे. त्या निबंधाचा विषय वाहतूक नव्हता, गर्भपात आणि ‘द्विविध परिणामाचा सिद्धान्त’ हा होता. नियंत्रण सुटलेल्या ट्रामचा चालक तिला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेऊ शकतो; एकावर पाच माणसे काम करीत आहेत, दुसऱ्यावर एक. या उदाहरणाच्या जोडीला फूट यांनी दुसरे उदाहरण ठेवले होते आणि पुढील चर्चेत नेमके तेच बहुधा विसरले गेले. संतप्त जमावाचा रक्तपात टळावा म्हणून न्यायाधीशाने एका निरपराध माणसाला खोटेच दोषी ठरवून फाशी द्यावी काय? दोन्ही ठिकाणी अनेकांसाठी एकाचा बळी जातो. तरीही ट्रामचालकाचे कृत्य आपणास क्षम्य वाटते आणि न्यायाधीशाचे कृत्य घृणास्पद वाटते. असे का वाटते, हा फूट यांचा प्रश्न होता. इजा न करण्याचे कर्तव्य आणि साहाय्य करण्याचे कर्तव्य यांतील भेदाच्या आधारे त्यांनी त्याचे उत्तर शोधले. पुढे ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७६ व १९८५ मधील निबंधांतून हे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे केले. परंतु त्यांच्याही विवेचनाचा कणा ‘का?’ हाच राहिला.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबने २०१६ मध्ये ‘मॉरल मशीन’ हे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा हा ‘का’ गळून पडला. भाग घेणाऱ्यासमोर एकामागून एक तेरा प्रसंग येत. प्रत्येकात ब्रेक निकामी झालेली मोटार असे आणि दोन गटांपैकी कोणाला मरू द्यावयाचे ते निवडावे लागे. त्या गटांत बालक, वृद्ध, गर्भवती स्त्री, डॉक्टर, बेघर, गुन्हेगार, स्थूल व्यक्ती, कुत्रा आणि मांजर असत. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २३३ देश व प्रदेशांतून सुमारे चार कोटी निवडी गोळा झाल्या होत्या. प्राण्यांपेक्षा माणसांना, थोड्यांपेक्षा अनेकांना आणि वृद्धांपेक्षा तरुणांना वाचवावे, हा सर्वसाधारण कल दिसला. सांस्कृतिक गटांनुसार त्याची तीव्रता बदलत होती. गुन्हेगाराचे स्थान कुत्र्याच्याही खाली लागले.

हा प्रयोग केवळ खेळ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. लोकांची पसंती थेट धोरणात उतरवावी, असा संशोधकांचा दावा नव्हता. भाग घेणारे स्वेच्छेने आलेले इंटरनेट-वापरकर्ते होते, प्रातिनिधिक नमुना नव्हे, ही मर्यादाही उघड होती. शिवाय याच संशोधकांपैकी बोनफाँ, शरीफ आणि राहवान यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलेले निरीक्षण मोलाचे आहे. अधिक जीव वाचविण्यासाठी प्रवाशाचा बळी देणारी मोटार इतरांनी घ्यावी, असे लोकांना वाटते. स्वतःसाठी मात्र प्रवाशाला वाचविणारीच हवी असते. हे निरीक्षण यंत्राविषयी नसून माणसाविषयी आहे, म्हणूनच ते टिकाऊ आहे.

आक्षेप वेगळा आहे. या प्रश्नावलीत मोटारीला सर्व काही ठाऊक असते : समोर कोण आहे, त्याचा व्यवसाय कोणता, धडक बसल्यास तो निश्चित मरेल की नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर यंत्राची अडचण समोरचा डॉक्टर आहे की गुन्हेगार ही नसते. समोर माणूस आहे की नाही, येथूनच ती सुरू होते. दुसरे गृहीत त्याहून महत्त्वाचे आहे. ब्रेक ‘अचानक’ निकामी होतात. ते का निकामी झाले, कोणी तपासले नाहीत, कोणाला माहीत होते, हे विचारण्याची सोय या मांडणीत नाही. अपघात दैवाप्रमाणे येतो आणि नीतीला शेवटच्या क्षणाचे काम उरते. जर्मनीत उदो दि फाबिओ यांच्या अध्यक्षतेखालील नीति-आयोगाने २०१७ च्या अहवालात अपरिहार्य अपघाताच्या वेळी वय, लिंग, शारीरिक वा मानसिक स्थिती यांवरून माणसामाणसांत भेद करण्यास स्पष्ट मनाई सुचविली. खऱ्या कोंडीतील निर्णयाचा आधीच ठरीव नियम करता येत नाही, असेही त्या आयोगाने म्हटले. मॉरल मशीनच्या बहुतेक प्रश्नांचा निकाल त्यातच लागतो.

टेम्पी येथील घटना

१८ मार्च २०१८ रोजी रात्री दहाच्या सुमारास अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टेम्पी शहरात सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी ४९ वर्षांची एक स्त्री ‘उबर’च्या चाचणीतील स्वयंचलित मोटारीखाली मरण पावली. अशा मोटारीच्या धडकेने पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची ही पहिली नोंद. ‘नॅशनल ट्रान्स्पोर्टेशन सेफ्टी बोर्ड’ या तपासयंत्रणेने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपला निर्णय दिला. कोंडीच्या चर्चेशी त्या अहवालातील तपशील ताडून पाहणे उद्बोधक ठरते.

धडकेच्या ५.६ सेकंद आधी मोटारीच्या संवेदकांना समोर काहीतरी असल्याचे कळले होते. त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर होता. थांबण्यास वा वेग पुरेसा कमी करण्यास अवधी होता. परंतु संगणक प्रणालीने त्या आकृतीला कधी वाहन, कधी अज्ञात वस्तू, तर कधी सायकल ठरविले आणि दर वेळी वर्गीकरण बदलताच तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब सोडून दिला. ती स्त्री रस्ता ओलांडत आहे, हे म्हणूनच प्रणालीला उमगले नाही. पादचारी आखलेल्या पट्ट्यांखेरीज अन्यत्रही रस्ता ओलांडतात, ही शक्यता प्रणालीच्या रचनेत विचारातच घेतलेली नव्हती. धडक टाळता येणार नाही हे १.२ सेकंद आधी ध्यानात आले. त्यानंतर एक सेकंद प्रणाली मुद्दाम स्वस्थ राहिली. खोट्या इशाऱ्यांमुळे मोटार वारंवार जोरात थांबू नये, यासाठी हा एक सेकंदाचा विराम अभियंत्यांनी ठेवला होता. त्या सेकंदात आत बसलेल्या देखरेख-चालकालाही कोणती सूचना मिळाली नाही. इशारा वाजला तेव्हा ०.२ सेकंद उरले होते.

मूळ व्होल्वो मोटारीत आपत्कालीन ब्रेकची स्वतःची व्यवस्था होती आणि ती सुस्थितीत होती. उबरची स्वयंचलित प्रणाली चालू असताना मात्र ती बंद राहील अशी योजना होती. व्होल्वोने नंतर संगणकावर केलेल्या २० प्रतिरूप चाचण्यांपैकी १७ मध्ये त्या ब्रेकने धडक टळली असती, असे आढळले. मॉरल मशीनच्या चित्रात ब्रेक निकामी होतात. टेम्पीत तो चालू होता आणि माणसांनी बंद ठेवला होता.

येथे कोंडी शोधू गेल्यास सापडत नाही. यंत्राने दोन जिवांत निवड केली नाही. त्याला एकही जीव दिसला नाही. निवडी झाल्या होत्या, पण त्या कित्येक महिने आधी, कार्यालयांत आणि बैठकांत. २०१७ च्या उत्तरार्धात प्रत्येक मोटारीतील दोन देखरेख-चालकांऐवजी एकच ठेवण्याचे ठरले. सुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग वा लेखी सुरक्षा-योजना कंपनीने केली नव्हती. ॲरिझोनाच्या राज्यपालांनी २०१५ च्या आदेशाने अशा चाचण्यांना दारे उघडली. डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने उबरच्या मोटारींची नोंदणी रद्द करताच त्याच राज्यपालांनी कंपनीचे जाहीर स्वागत केले. यांपैकी प्रत्येक निर्णय शांतपणे, पुरेसा वेळ घेऊन आणि कागदावर झाला असणार. सेकंदाच्या अंशात घ्यावा लागलेला त्यांत एकही नाही.

दोष कोणाच्या वाट्याला

अपघातापूर्वी देखरेख-चालकाची नजर बराच वेळ रस्त्यावरून हटलेली होती; मोबाइलवर दूरचित्रवाणीचा कार्यक्रम चालू असल्याचे तपासात आढळले. हा हलगर्जीपणा गंभीर आहे आणि तपासयंत्रणेने तेच प्रमुख कारण मानले. कंपनीने धोक्याचे अपुरे मूल्यमापन केले, चालकांवर पुरेशी देखरेख ठेवली नाही, राज्याचे नियंत्रण तोकडे होते आणि पादचारी स्त्री पट्ट्यांबाहेरून रस्ता ओलांडत होती, ही साहाय्यक कारणे म्हणून नोंदविली गेली. फौजदारी कारवाईत मात्र ही सारी उतरंड सपाट झाली. उबरवर फौजदारी दायित्व येत नाही, असे मार्च २०१९ मध्ये अभियोक्त्यांनी जाहीर केले. देखरेख-चालकावर २०२० मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा आरोप ठेवला गेला. जुलै २०२३ मध्ये दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याच्या सौम्य आरोपाची कबुली देऊन तीन वर्षांच्या परिवीक्षेवर हे प्रकरण मिटले.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मॅडलिन क्लेअर एलिश यांनी अशा परिस्थितीसाठी एक समर्पक रूपक योजले आहे. मोटारीचा पुढचा भाग अपघातात स्वतः चेपला जातो आणि आतील प्रवाशाला वाचवतो. स्वयंचलित व्यवस्थेत यंत्राजवळ उभा असलेला माणूस असाच नैतिक चेपभाग होतो : त्याच्या हाती नियंत्रण नाममात्र असते, दोष मात्र पूर्ण त्याच्या माथी येतो आणि व्यवस्था सुरक्षित राहते. लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते की, क्वचितच चुकणाऱ्या यंत्राकडे तासन्‌तास टक लावून बसणे हे काम माणसाला सर्वांत वाईट जमते आणि स्वयंचलनानंतर त्याच्या वाट्याला नेमके तेच उरते. तीन दशकांहून जुने हे ज्ञान हाताशी असताना एकट्या माणसाला रात्री त्याच त्या रस्त्यावर फेऱ्या घालावयास लावणे, हादेखील एक निर्णय होता.

यावर असे म्हटले जाईल की, स्वतः शिकणाऱ्या यंत्रांच्या कृतीचे उत्तरदायित्व कोणाही माणसावर नेमके ठेवता येत नाही. अँड्रियास मथायस यांनी २००४ मध्ये ‘उत्तरदायित्वाची पोकळी’ ही संकल्पना मांडली ती याच अर्थाने. सिद्धान्त म्हणून तिचा विचार व्हावा. टेम्पीच्या बाबतीत मात्र ती लागू पडत नाही. ब्रेक बंद ठेवणे, एक सेकंदाचा विराम, दुसरा चालक काढणे, यांतील काहीही यंत्र स्वतःहून शिकलेले नव्हते. पोकळी नव्हती, गर्दी होती. अनेक हातांत वाटले गेलेले उत्तरदायित्व कोणाच्याच हाती दिसत नाही, ही संघटित जीवनाची जुनी व्यथा आहे. कोणत्याही मोठ्या कार्यालयात फिरणाऱ्या फाईलच्या नशिबी ती असतेच.

सॅन फ्रान्सिस्कोत २ ऑक्टोबर २०२३ रोजी घडलेला प्रसंगही याच दिशेने बोट दाखवतो. माणूस चालवीत असलेल्या दुसऱ्या मोटारीने उडविलेली एक स्त्री ‘क्रूझ’ कंपनीच्या चालकविरहित मोटारीसमोर पडली. मोटार थांबली आणि मग नियमानुसार रस्त्याच्या कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली. खाली माणूस अडकला आहे, हे तिला कळले नव्हते. सुमारे वीस फूट ती स्त्री फरफटत गेली. परंतु कंपनीचा परवाना निलंबित होण्यास केवळ ही फरफट कारण नव्हती. नियामकांना फरफटीची पूर्ण माहिती न देणे हेही होते. तो दोष निखालस माणसांचा होता.

कायद्याची बदलती भूमिका आणि भारतीय संदर्भ

ब्रिटनच्या २०२४ च्या ‘ऑटोमेटेड व्हेइकल्स ॲक्ट’ने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. मान्यताप्राप्त स्वयंचलित मोटार प्रणालीच्या ताब्यात असताना तिच्या चालण्याचे फौजदारी दायित्व आत बसलेल्या माणसावर येत नाही; त्यासाठी उत्तरदायी संस्था आधीच नेमून द्यावी लागते. ही तरतूद निर्दोष आहे असे नाही. एखादी संस्था दंड भरून मोकळी होऊ शकते आणि तुरुंगात जाणारा माणूस त्यात उरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही उत्तरदायी कोण, हे अपघातानंतर शोधण्याऐवजी आधी ठरविले जाते, यास महत्त्व आहे.

भारतात चालकांचा रोजगार जाईल या कारणास्तव केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ पासून चालकविरहित मोटारींना वेळोवेळी विरोध दर्शविला आहे. रोजगाराचा हा नैतिक प्रश्न मॉरल मशीनच्या तेरा चित्रांत कोठेच बसत नाही, हे जाता जाता नोंदविण्यासारखे आहे. मात्र अर्धस्वयंचलन येऊन पोहोचलेच आहे. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या, पुण्याजवळील चाकण येथे बनणाऱ्या ‘महिंद्रा एक्सयूव्ही ७००’ सारख्या मोटारींत आपोआप ब्रेक लावणाऱ्या आणि मार्गिका सांभाळणाऱ्या साहाय्यक व्यवस्था मिळू लागल्या. अशा मोटारीत सुकाणूवर हात ठेवून बसलेला माणूसच कायद्याने चालक असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची सारी उभारणी परवानाधारक चालकाभोवती झाली आहे. अपघात होताच पोलीस प्रथम त्याच्याकडे वळतात, यात नवे काही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल निर्मात्याचे दायित्व आले आहे. पण धडक बसलेला पादचारी त्या मोटारीचा ग्राहक नसतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (१) निष्काळजी कृत्याने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगते. त्या कलमाचा आरंभ ‘जो कोणी’ या शब्दांनी होतो. ‘चालक’ हा शब्द तेथे नाही. वापरात असलेला ब्रेक बंद ठेवण्याचा किंवा दुसरा माणूस काढून टाकण्याचा निर्णय ज्याने स्वाक्षरीनिशी घेतला, तो या दोन शब्दांत सामावतो की नाही, हे भारतीय न्यायालयांना आज ना उद्या ठरवावे लागेल.